पाइपावर तीन ठोके

टेकडीवरच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी वनरक्षकाने पाटी लावली होती: 'अस्वलांचा वावर आहे. एकट्याने जाऊ नये. चालताना मोठ्याने बोलत राहावे.' वावर मान्य होता, एकट्याने कोणी जात नव्हतं. बोलत राहण्याचं तेवढं अवघड होतं, कारण टाकीवर जाणाऱ्या दोघा बहीण-भावांत चौदा महिने अबोला होता.

ताई पाणीपुरवठ्याच्या फिल्टरघरात ऑपरेटर, धाकटा तिथेच फिटर. दर सोमवारी सकाळी टाकीची पातळी बघायची, जाळी धुवायची, क्लोरीन तपासायचं, आणि हे काम दोघांशिवाय होत नसे. घरात अबोला आहे म्हणून वस्तीची तहान थांबत नाही. मग दोघं वस्तूंशी बोलत. "पाना कुठे ठेवलाय कुणास ठाऊक," असं ताई नळाला विचारी. "खिडकीत आहे," असं धाकटा खिडकीलाच सांगे. थर्मासमधला चहा ओतून ती कप टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवी, म्हणजे तो कुणी कुणाला दिला असं होत नसे. बाकीचे कर्मचारी आधी हसले, मग त्यांनाही सवय झाली.

कारण सगळ्यांना माहीत होतं. वडील दवाखान्यात होते. तीन रात्री खाटेजवळ बसून ताई सकाळी अंघोळीपुरती घरी गेली, तेवढ्यात डॉक्टरांनी ऑपरेशनचं विचारलं आणि धाकट्याने सही केली. वडील टेबलावरून परत आले नाहीत. 'मला एका शब्दाने विचारलं नाहीस,' हे ताईचं त्याच्याशी शेवटचं वाक्य. तो तेव्हाही गप्प राहिला आणि नंतरही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे तर एकाच घरातले दोन सुंभ होते.

अस्वलांसाठी त्यांनी दुसरी सोय काढली होती. वाटेच्या कडेने लोखंडी पाइप थेट टाकीपर्यंत गेला होता. दर पन्नास पावलांवर ताई त्यावर पान्याने तीन ठोके मारी. ठणठणाट टेकडीभर जाई आणि वर जे कोणी असेल ते आपल्या वाटेने निघून जाई. वनरक्षकाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "ठोका हवं तर, पण बोलाही. अस्वल दचकलं की चिडतं. त्याला आधी कळू द्या." ताईने मान डोलावली. सांगणाऱ्याचं काय जातं?

मागच्याच आठवड्यात वळणाच्या अलीकडचा गंजलेला तुकडा काढून तिथे प्लास्टिकचा पाइप घातला होता. जोडणी धाकट्याने केली, तपासणी ताईने. तरी प्लास्टिक ठणठणणार नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्या सोमवारी ताईने सवयीने तीन ठोके मारले आणि गादी झोडल्यासारखा आवाज आला. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण 'आवाज येत नाहीये' असं म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? जवळपास नळही नव्हता. ती तशीच पुढे चालली.

वळणापलीकडे पंधरा पावलांवर अस्वलीण सडकं खोड उकरत होती. पिल्लू डाव्या हाताच्या उंचवट्यावर. ती दचकली, फुस्कारली आणि मागच्या पायांवर उभी राहिली.

ताईची पाचावर धारण बसली. ती पळायला वळणार, इतक्यात धाकट्याने तिचं कोपर घट्ट धरलं.

"पळायचं नाही," तो म्हणाला. आवाज खालचा, एका सुरातला. आणि सवयीने तो बोलत होता अस्वलिणीशी. "आम्ही पळणार नाही, बाई. पाठ फिरवणार नाही. उभी राहिलीस ती नीट बघायला, माहीत आहे. बघ. दोन माणसं आहोत. तुझं पिल्लू तिकडे आहे, आम्ही या बाजूने मागे जातोय."

एक पाऊल मागे. ताईने अस्वलिणीच्या डोळ्यांवरची नजर काढून तिच्या पंजांवर ठेवली, वनरक्षकाने शिकवलं होतं तशी. अस्वलीण चार पायांवर आली, दोन ढांगा पुढे झेपावली आणि थांबली. माती उडाली. बोलणं थांबवून चालणार नव्हतं, आणि धाकट्याजवळचं बोलणं संपत आलं होतं.

"ही माझी ताई," तो त्याच सुरात म्हणाला. "चौदा महिने बोलत नाही. विचारलं नाही म्हणते. विचारायलाच फोन लावला होता, बाई. दोनदा वाजला, मग मीच कापला. तीन रात्री जागली होती, म्हटलं झोप लागली असेल. डॉक्टर म्हणाले, थांबायला वेळ नाही. केली सही. नंतर सांगितलं असतं तर तिच्या झोपेवर ढकलल्यासारखं झालं असतं. म्हणून नाही सांगितलं."

आणखी एक पाऊल मागे. आणखी एक. पिल्लू उंचवट्यावरून घसरत आईच्या पायाशी आलं. अस्वलिणीने नाक वर करून हुंगलं, मग पिल्लाला पुढे घालून ती उतारावरच्या झुडपांत शिरली.

दोघं तसेच मागे सरकत राहिले. लोखंडी पाइप सुरू झाला तिथे ताईने तीन ठोके मारले. टेकडी ठणठणली. मग ती पाइपावरच बसली.

सांगायला इथे पाइप होता, पाना होता. पण हे त्यांना सांगून भागणार नव्हतं.

"मी झोपले नव्हते," ती धाकट्याकडे बघून म्हणाली. "अंघोळ करून पाठ टेकली होती. फोन उशाशीच होता, तुझं नाव दिसलं. वाटलं, वाईटच असणार काहीतरी. पाच मिनिटं तरी नको म्हणून उचलला नाही."

आता अबोला धरायची पाळी त्याची, असं ताईला वाटलं. त्याने धरला असता तर तिला तक्रारीला तोंड नव्हतं. त्याने तिच्या हातातला पाना घेतला आणि पिशवीत टाकला.

"टाकी आज राहू दे," तो म्हणाला. "वनरक्षकाला कळवू. चल खाली. आणि बोलत चल."

"काय बोलू?"

"काहीही. मोठ्याने बोल."

फोन वाजला होता त्या सकाळपासून ताईने सुरुवात केली.