डबल बेल मी मारली

डबल बेल मीच मारली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या आळीत या गोष्टीच्या आता तीन वेगवेगळ्या तऱ्हा फिरताहेत आणि त्यातल्या एकीत सकीना चालत्या बसमधून पडली असं आहे. ती पडली नाही. पडली असती तर निदान मला दिसली तरी असती.

मी मुक्ता, नववी क ची मॉनिटर. जूनमध्ये मॉनिटर झाले, ऑगस्टमध्ये खो-खोची कॅप्टन झाले, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मला असं वाटायला लागलं होतं की हडपसरच्या गाडीतळापासून पलीकडे जे काही पुणे आहे ते माझ्या खिशात आहे. त्याला कारणही होतं. माझे अण्णा पीएमटीत, पुण्याच्या सिटी बसवर, कंडक्टर आहेत. कुठली बस कुठून सुटते, कुठली कुठे रिकामी होते, हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे तर मी बालवाडीच्या आधी शिकले.

सकीना माझ्या बाकावर बसते. तिने पर्वती बघितली नव्हती, कात्रजचं सर्पोद्यान बघितलं नव्हतं. हडपसरात राहून. मी म्हटलं, मी दाखवते.

पण सकीनाला साखरेचा आजार आहे. म्हाताऱ्यांना होतो तसला नाही, लहानपणापासूनचा. तिच्या अम्मी, म्हणजे शकीलाचाची, रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या मांडीत इंजेक्शन देतात. आणि एकदा ते दिलं की ठरल्या वेळी खावंच लागतं. नाही खाल्लं तर अंगातली साखर खाली खाली जाते आणि माणूस बेशुद्ध पडतं. त्याच्याही पुढचं चाची बोलल्या नाहीत.

त्यांनी मला दारात उभं करून सांगितलं होतं. "अकरा वाजता बिस्किटं. एक वाजता डबा. घाम यायला लागला, चिडचिड करायला लागली, भलतंसलतं बोलायला लागली, की या पुडीतलं ग्लुकोज. आधी ते, मग बाकी सगळं. कळलं?"

"कळलं चाची."

"काय कळलं ते बोल."

मी बोलून दाखवलं. घडाघडा. मग सकीनाची पिशवी तिच्या खांद्यावरून काढून मी माझ्या खांद्यावर घेतली, जबाबदार दिसावं म्हणून.

अकरा वाजता आम्ही पर्वतीच्या पायऱ्यांवर होतो. मी म्हटलं, वर जाऊन खाऊ, वर वारा असतो. वर गेल्यावर मी तिला कठड्यापाशी नेऊन बोटाने सगळं दाखवलं. ती सारसबाग, ते स्वारगेट, तो धूर दिसतोय तिथे आपलं हडपसर. धूर हडपसरचाच होता की नाही देव जाणे. तोपर्यंत पावणेबारा झाले. मग मी म्हटलं, आता खाली उतरून एकदम डबाच खाऊ.

उतरताना सकीना दोनदा बसली. कपाळ ओलं झालं होतं.

"किती गं फास्ट चालतेस," ती म्हणाली. "मॉनिटर झालीस म्हणून काय झालं."

तिच्या तोंडून असलं कधी येत नाही. मला राग आला. मी म्हटलं, "नाजूकबाई, जरा पाय उचल."

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

खाली आल्यावर डबाही मी पुढे ढकलला, सर्पोद्यानात बसून खाऊ म्हणून. स्वारगेटला कात्रजच्या बससाठी रांग लागली होती. इथे मी माझी हुशारी काढली. "शिवापूरची गाडी घेऊ. कात्रजवरूनच पुढे घाटात जाते, सर्पोद्यानाला थांबते आणि कात्रजच्या गाडीपेक्षा रिकामी असते." असं खुद्द अण्णा सांगतात. फक्त दिवाळीच्या दिवसांत नसते रिकामी, हे सांगायचं राहिलं असावं.

"माझी पिशवी दे ना," सकीना म्हणाली.

"बसमध्ये बसल्यावर देते."

गाडी आली. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं. माणसांच्या लोंढ्यात सकीना पुढे ढकलली गेली आणि मी मागच्या पायरीपाशीच अडकले. मधे टोपल्या, पोती, एक सायकलचं चाक. मला तिची पिवळी ओढणी दिसली, मग बायकांच्या सीटवर कुणीतरी सरकून तिला जागा दिली, मग तीही दिसेनाशी झाली. बसायला मिळालं, बरं झालं, असं मी मनाशी म्हटलं. तिकिटं मी काढली दोन्ही. कंडक्टर गर्दीतून वाट काढत पार पुढे गेला.

सर्पोद्यानाच्या स्टॉपला गाडी थांबली. मी ओरडले, "सकीना, पुढून उतर." आणि मी मागून उतरायला लागले. मागून उतरायचं नसतं, मला माहीत आहे. पुढच्या दारातून एक पिवळी ओढणी खाली आली. ती बघितली आणि मी पायरीवरूनच हात वर करून दोरी ओढली. टिंग टिंग.

का ओढली? कारण मला येत होतं म्हणून. कारण खाली उभ्या असलेल्या दोन पोरांनी ते बघावं म्हणून. ड्रायव्हरने ऐकलं, मी खाली उडी मारली आणि गाडी निघाली.

पिवळ्या ओढणीवालीने मागे वळून बघितलं. ती कॉलेजातली कुणी मुलगी होती.

मी धावले. खो-खोची कॅप्टन धावली. बस चौकातून वळली आणि घाटाच्या बाजूला लागली. माझ्या खांद्यावर पिशवी आपटत होती. त्यात बिस्किटांचा पुडा होता, डबा होता, पुडी होती. प्रत्येक धक्क्याला डब्याचं झाकण वाजत होतं. घड्याळात एक पस्तीस झाले होते आणि सकीनाने सकाळी आठपासून काहीच खाल्लेलं नव्हतं. घाम, चिडचिड. मी घडाघडा म्हणून दाखवलेलं सगळं माझ्यासमोर झालं होतं आणि मी तिला नाजूकबाई म्हटलं होतं.

पुढची शिवापूरची गाडी तासाने होती, हे मला पाठ होतं.

मी तशीच जवळच्या कात्रजच्या स्टॅंडवर पळाले; तिथे गाड्यांच्या वेळा बघणाऱ्या कंट्रोलरची टपरीएवढी केबिन आहे. आत श्रीधरकाका होते. ते अण्णांचे मित्र, आमच्या घरी पुरणपोळी खाऊन गेलेले. मी धापा टाकत दारात उभी राहिले.

"पाणी पी," ते म्हणाले. "दिगंबरची ना तू? इकडे कुठे?"

मी सांगितलं. आजार, इंजेक्शन, पिशवी, शिवापूरची गाडी.

"कात्रजला यायला शिवापूरची गाडी. शाबास," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "थांब. पोरगी आत असताना कंडक्टरने डबल दिलीच कशी? कोण आहे आज त्या गाडीवर?" त्यांनी समोरचा तक्ता बघितला. "सर्जेराव. त्याला मेमोच देतो."

हेही सांगून टाकते. दोन सेकंद मला वाटलं, देऊ देत.

"मी मारली," मी म्हटलं. "डबल बेल मी मारली, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते उठले, केबिनबाहेर गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून शिट्टी वाजवायला लागले. स्वारगेटहून साताऱ्याची एस.टी. येत होती. ती त्यांच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली.

एस.टी.चा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "जीव नकोसा झालाय का मास्तर?"

"पुढे आमची शिवापूरची गाडी आहे. ती गाठायची. आत एक आजारी पोरगी आहे, तिचं औषध हिच्याकडे आहे."

"आता पीएमटीच्या मागे एस.टी. पळवायची का आम्ही?"

"पळवा. एरवी पुढे काढताच की."

ड्रायव्हरने मला बघितलं. मी रडत होते, हे मला तेव्हा कळलं. "चढ," तो म्हणाला. "इथे माझ्याजवळ उभी राहा आणि लाल गाडी दिसली की सांग. माझी पण लालच आहे म्हणा."

घाटात पुढे ट्रक होते. एकामागे एक, मुंगीच्या पावलांनी चढणारे. ड्रायव्हर हॉर्न देई, ट्रक हलत नसे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि दरीत खाली सगळं पुणं पसरलेलं. दोन तासांपूर्वी मी त्याच्यावर बोट नाचवत होते. मी तिकडे बघितलं नाही. मी पुडी पिशवीतून काढून मुठीत धरली होती आणि कागद घामाने विरघळेल म्हणून मूठ सैल करत होते, मग पडेल म्हणून परत आवळत होते.

कुणी तिला हलवून बघेल का? कशाला बघेल? दुपारची वेळ, खिडकीची सीट, मुलगी डोळे मिटून बसलेली. झोपली असेल. बसमध्ये झोपलेल्या माणसाला कोण उठवतं? शिवापूर येईल, मग कुणीतरी म्हणेल, अगं ए पोरी, उतर.

बोगदा आला. आत दिवे नव्हते, नुसते समोरच्या ट्रकचे दोन लाल ठिपके. तेवढा वेळ मी डोळे मिटून एकच गोष्ट म्हणत होते. ती देवाला म्हणत होते की सकीनाला, माहीत नाही.

बोगदा संपला आणि उतारावर मला आमची गाडी दिसली. एका फाट्यावर माणसं उतरत होती. मी बोट दाखवलं. ड्रायव्हरने एस.टी. थेट तिच्यापुढे नेऊन आडवी लावली.

"अहो, डोकं फिरलं का?" तिकडून पीएमटीचा ड्रायव्हर ओरडला. मी पुढच्या दाराने आत शिरले. सर्जेराव, कंडक्टर, म्हणाले, "ए, पुढून चढायचं नाही." मी त्यांच्या हाताखालून गेले.

सकीना तिसऱ्या सीटवर होती. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं. शेजारी नऊवारीतल्या एक मावशी बसल्या होत्या, मांडीवर कोथिंबिरीची पाटी.

"झोपलीया गं ती," मावशी म्हणाल्या. "कवाधरनं झोपलीया. मघाशी कायतरी बडबडत व्हती."

मी तिचा हात धरला. गार आणि ओला, जणू कपडे धुऊन आलेला. "सकीना." काही नाही. मी तिच्या गालावर मारलं. एकदा, मग जोरात. पापण्या हलल्या. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती मला ओळखत नव्हती.

त्या क्षणाला मी जशी भ्याले तशी पुन्हा भ्यायची माझी तयारी नाही.

"गणिताच्या बाई गेल्या का?" ती म्हणाली. जीभ जड.

"गेल्या," मी म्हटलं. "तोंड उघड."

ती उघडेना. ती चिडली, तिने माझा हात झटकला आणि अर्धी पुडी माझ्या परकरावर सांडली. मावशींनी पाटी खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरले. "चोळ हिरड्यांला," त्या म्हणाल्या. "वासराला गूळ लावत्यात तसं." मी कुणीतरी पुढे केलेल्या बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं, ग्लुकोजात बुडवलं आणि तिच्या गालाच्या आतून फिरवलं. ती बोटाला चावली. मी परत फिरवलं. बाहेर एस.टी.चा ड्रायव्हर पायरीवर उभा राहून डोकावत होता.

पाचवं बोट. सहावं. मग तिने गिळलं. तिने स्वतःहून ओठ चाटले.

बराच वेळ गेला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, मी घड्याळ बघितलं कारण चाची विचारतील. सकीना सरळ बसली, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "हे सर्पोद्यान आहे?"

कुणीतरी हसलं. मी हसले नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सगळ्या बसदेखत भोकाड पसरलं. नववी क ची मॉनिटर.

सर्जेरावांनी आम्हाला त्याच गाडीने शिवापूरला नेलं, समोर बसून डबा संपवायला लावला आणि परत कात्रजला आणून सोडलं. सबंध वाटेत मला ते एकच वाक्य बोलले. "बेल मारायची एवढी हौस असेल तर आधी भरती हो."

परतीच्या बसमध्ये मी सकीनाला विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस? हात धरून पिशवी ओढून का नाही घेतलीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तू इतकी खुशीत होतीस," ती म्हणाली.

हडपसरला पोचायला सहा वाजले. शकीलाचाची स्टोव्हवर पातेल्यात काचेची सिरिंज उकळत होत्या. संध्याकाळच्या इंजेक्शनची वेळ झाली होती.

"कैसा रहा?" त्यांनी विचारलं.

"मस्त," सकीना म्हणाली. "अजगर बघितला. एवढा मोठा." आणि तिने दोन्ही हात फाकून दाखवले. वाटेत आमचं काही ठरलं नव्हतं. ती स्वतःहून खोटं बोलत होती, माझ्यासाठी.

"अकराला बिस्किटं खाल्ली?"

"हो अम्मी."

"एकला डबा?"

"हो."

चाचींनी औषधाची बाटली उचलली. सिरिंज आत खुपसली आणि रोजच्या खुणेपर्यंत ओढली. तेव्हा मला समजलं की त्या उगाच विचारत नव्हत्या. आमच्या उत्तरावर ते माप ठरत होतं. मला घरी जाता आलं असतं, चप्पल अजून पायातच होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच उभी राहिले.

"खोटं आहे," मी म्हटलं. "सकाळनंतर काहीच खाल्लं नाही तिने. दोन दहाला ग्लुकोज, अर्धी पुडी. अडीचला डबा. ती बेशुद्ध होत होती. मी खाऊ दिलं नाही."

सकीनाने माझ्याकडे बघितलं नाही. चाचींनीही नाही. त्यांचा हात तसाच थांबला होता.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "हळू. किती वाजता काय, तेवढंच."

मी परत सांगितलं. त्यांनी सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यातलं औषध, थेंबाथेंबाने, कमी केलं.