जेवायला यायचं हं

गुरुनाथ सबनीस हॅमिल्टनबाहेरच्या ज्या वसाहतीत राहायला आले, ती डॅनिश पद्धतीची होती. म्हणजे घरं काडेपेटीएवढी आणि स्वयंपाकघर मंगल कार्यालयाएवढं, तेही सगळ्यांचं मिळून एक. भिंतींत गव्हाचा पेंढा ठासलेला, खिडक्यांना तीन-तीन काचा. थंडी आत येत नाही, ऊब बाहेर जात नाही. शेजारी काय फोडणीला पडलंय हेही कळत नाही. पुण्यात हयात गेलेल्या माणसाला ही शेवटची सोय जरा जास्तच वाटली.

वीज, गाड्या, वॉशिंग मशीन सगळ्यांनी वाटून वापरायचं आणि रोज संध्याकाळी एकत्र जेवायचं, अशी कल्पना. एकटा माणूस एकटा पडू नये म्हणून. घर शोधलं होतं त्यांच्या मुलीने, सलोनीने. ती जॉन्सनव्हिलला फार्मसिस्ट. "महिनाभर राहून बघा बाबा. आवडलं तर कायमचं, नाहीतर माझ्याकडे." हे वसाहतीलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी जेवणाची घंटा व्हायची. गुरुनाथ इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत. कुणी बोलवायला येत नसे. मग उठून कुकर लावत.

"आज तरी गेलात का?" सलोनी फोनवर विचारायची.

"कुणी बोलावलं नाही."

"तिथे बोलावत नसतात हो! घंटा झाली की जायचं."

"घंटेला गुरं जातात. माणसाला 'या' म्हणावं लागतं."

"बाबा, ते तुमची प्रायव्हसी जपतायत."

"जपलीय. इथल्या भाषेत 'हीप्स', म्हणजे ढीगभर जपलीय."

महिना सरत आला तेव्हा सगळ्यांसाठी स्वयंपाक करायची त्यांची पाळी आली. आमंत्रण म्हणजे काय ते या लोकांना दाखवायचंच, असं ठरवून ते सकाळीच दारोदार गेले. "संध्याकाळी जेवायला यायचं हं. नक्की!"

"सगळं ठीक आहे ना, गुरू?" शेजारच्या हेदरने विचारलं.

"उत्तम."

"ओह," म्हणत हेदरने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

संध्याकाळी झाडून सगळे आले. खिचडी, कढी, शिरा. गुरुनाथ आग्रह करकरून वाढत होते. एवढ्यात हेदर उठली. तिच्या हातात भलंमोठं कार्ड होतं.

"गुरू आपल्याला सोडून चाललेत," ती म्हणाली. "रोज त्यांच्या खिडकीत दिवा दिसायचा. वाटायचं, हाक मारावी. पण म्हटलं, शांततेत राहणारा माणूस, कशाला त्रास द्यायचा? आता चुटपुट लागलीय."

महिना संपताना माणूस घरोघर जाऊन आवर्जून बोलावतो, याचा इथे एकच अर्थ झाला होता.

गुरुनाथ उभे राहिले. 'मी कुठेही जात नाहीये' अगदी ओठांवर होतं. पण टोकाच्या घरातला कॉलिन नाक पुसत होता. भर समारंभात लोकांना तोंडघशी पाडणं त्यांना जमलं नाही. आभार मानून ते बसले.

"मग, काय ठरलं?" रात्री सलोनीने फोनवर विचारलं.

"निघतो."

"नाहीच रमलात ना?"

"आज रमलो."

"मग सांगा की त्यांना, गैरसमज झाला म्हणून!"

"कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्यात, सलोनी. कॉलिनने तर कविता केलीय. एवढा निरोप घेऊन तिथेच राहणं बरं दिसतं का?"

ती म्हणाली, "शनिवारी गाडी घेऊन येते."

"सावकाश ये," गुरुनाथ म्हणाले. "माझी काही घाई नाही."