काशीची चार तिकिटं

माझ्या वहीत एकही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही. पहिल्याच पानावर अप्पांची तिन्ही क्रेडिट कार्डं. कुठल्या कार्डाचं बिल कधी पडतं, पैसे कधीपर्यंत भरायचे, कशाला जास्त पॉइंट, ते पॉइंट कधी बाद होतात, सगळं रकाने पाडून. कार्डांवर मी आईच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. हिरवी टिकली पेट्रोलला, लाल लाइटबिलाला आणि किराण्याला, पिवळी दुकानाच्या मालाला. सास्तूरला आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे. अप्पा पूर्वी खिशात हात घालतील ते कार्ड द्यायचे. मी नववीत गेले आणि तो कारभार बंद केला.

"अप्पा, पेट्रोलला लाल दिलं ना? टिकली दिसत न्हाय का तुम्हाला?"

"चुकलं बाई," अप्पा कान धरायचे. दुकानात बियाणं कंपनीचा माणूस आला की मला हाक मारायचे. "महेश्वरी, सांग गं ह्यांना, किती पॉइंट झाले." मी आकडा सांगायचे, पुढच्या टप्प्याला किती कमी आहेत तेही सांगायचे. तो माणूस तोंडात बोट घालायचा. लई भारी वाटायचं. वर्गात गणिताच्या तासाला आधी कधी हात वर न करणारी मी, आता फळ्यापाशी जाऊन उभी राहायला लागले, ते या वहीमुळंच.

आमच्या आण्णासाहेब सरांना फ्रीज घ्यायचा होता. मी म्हटलं, सर, रोख पैसे अप्पांना द्या, फ्रीज आमच्या कार्डावर घेऊ. पॉइंट आमचे! सर हसत हसत तयार झाले. गल्लीतल्या दोन मोबाइलचं आणि एका कूलरचं पण तसंच केलं. एकाही बिलाची तारीख चुकली नाही. व्याज एक रुपया नाही.

हे सगळं चाललं होतं काशीसाठी. आईसाठी.

आईचे वडील सिद्रामप्पा, तिचे अण्णा, माझे मुत्या, दोन वर्षांपूर्वी आळंदला वारले. आमच्या लिंगायत लोकांत गेलेल्या माणसाच्या नावानं काशीच्या जंगमवाडी मठात छोटं लिंग बसवतात. आईच्या मनात तेवढं एकच होतं. मामांनी काही केलं नाही. आई अप्पांना म्हणायची, अप्पा म्हणायचे, "बघू." दोन वर्षं बघूच चाललं होतं. म्हणून मी म्हटलं, आई, थांब, मीच नेते तुला. विमानानं, पॉइंटांवर!

"मला आन् विमानानं?" आई भाकरी थापता थापता लाजली होती.

आईनं साथ पण तशीच दिली. तिचा मिक्सर जळाला तेव्हा मी सांगितलं, "आता नको घेऊस. बिल पडू दे, पुढच्या टप्प्यात धरू." दीड महिना तिनं शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटली. एकदा हात धुता धुता तिनं विचारलं, "म्हयेश, माझ्या नावाचं पण निघतं का गं असलं कार्ड?" निघतं. घरच्या माणसाला जोडकार्ड मिळतं, पॉइंट पण मिळतात. मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तिला कशाला? ती काय टाटा-बिर्ला हाय?" मला हसू आलं. आई पण हसली. विषय संपला.

पॉइंट पुरे झाले त्या दिवशी मी अप्पांच्या मोबाइलवर हैदराबाद ते वाराणसी चार तिकिटं काढली. अप्पा, आई, मी, आणि अप्पांची आई गौराबाई, म्हणजे आमची अव्वा. येताना रेल्वे. विमानाच्या पैशाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि शून्याभोवती फूल काढलं. आईला खिडकीची सीट घेतली. अप्पांचं आणि अव्वाचं आधार मी फाइलला लावलं, माझंही. आई म्हणाली, "माझं कपाटात हाय, निघताना घेते." मी म्हटलं बरं.

इतकं सगळं तपासणाऱ्या मुलीनं ते एक कार्ड बघितलं नाही.

पहाटे गाडी करून निघालो, नऊला विमानतळावर पोचलो. अव्वाला त्या काचेच्या दारापाशी उभं राहायलाच भीती वाटत होती. गेटवरच्या जवानानं तिघांचे कागद बघून आत सोडलं. आईचं कार्ड हातात धरून तो थांबला.

"ये किसका है?"

"मेरी बीवी है साब," अप्पा म्हणाले.

"टिकट पे शिवप्रिया है. इसमें नागम्मा लिखा है."

मी परत मागं आले. कार्ड बघितलं. नागम्मा सिद्रामप्पा. खाली आळंदचा पत्ता. फोटोत आई इतकी बारीक की मला ओळखू येईना.

लग्नात सासरी मुलीचं नवं नाव ठेवतात, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहितात. अप्पांनी शिवप्रिया लिहिलं होतं. मी जन्मल्यापासून आई शिवप्रियाच. पण आधार काढलं तेव्हा ती माझ्या वेळच्या बाळंतपणाला माहेरी होती. शाळेच्या दाखल्यावर होतं तेच नाव कार्डावर आलं. नंतर बदलायची कधी गरजच पडली नाही. घर अप्पांचं, दुकान अप्पांचं, गॅस अव्वाच्या नावावर. आईच्या नावावर आमच्याकडं काहीच नव्हतं, म्हणून कुणाला कळलंच नाही.

"आई, तू सांगितलं का न्हाईस?"

"तू कुठं विचारलंस?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुला माहीत आसल."

मी पळत विमान कंपनीच्या खिडकीशी गेले. तिथल्या ताईला हिंदीत, इंग्रजीत सगळं समजावलं, लग्नाचे फोटो मागवते म्हटलं. ती चांगली होती बिचारी. पण दुसरं नाव घालता येत नव्हतं. त्याच विमानात जागा होती, नवं तिकीट काढा म्हणाली. बारा हजार चारशे.

"बारा हजार?" अप्पांचा आवाज चढला. "मंग फुकट कसलं ऱ्हायलं?"

पिवळ्या टिकलीचं कार्ड माझ्याच पर्समध्ये होतं. त्याच्यावर किती शिल्लक आहे ते मला पाठ होतं. बारा हजार म्हणजे काहीच नाही. मी म्हटलं, "अप्पा, पिवळ्यावर..."

"ते युरियाच्या गाडीला ठेवलंय. गप बस."

आणि मी गप बसले. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोळ्यापुढं आई नव्हती. ते शून्य होतं, फूल काढलेलं. आत्ता पैसे भरले तर ते खोडावं लागणार, हेच आधी मनात आलं. मला हट्ट करता आला असता. दुकानात परक्या माणसांपुढं चुरूचुरू बोलते ती मी, तिथं पर्सची चेन लावून उभी राहिले.

अव्वा म्हणाली, "बसवणारं कुणी का आसंना, नाव तर तेंचंच लागणार की."

अप्पांनी घड्याळ बघितलं. आईनं आमच्या तिघांकडं बघितलं आणि म्हणाली, "जावा तुम्ही. उगं पॉइंट वाया जातील."

माझे शब्द होते ते. वर्षभर रोज मीच तिला ऐकवलेले.

तिनं कमरेची पिशवी सोडून माझ्या हातात दिली. लिंगाची दक्षिणा, तिनं स्वतः साठवलेली. अप्पांनी तिला उमरग्याच्या बससाठी हजार रुपये दिले. काचेच्या आतून मी बघत होते. तिनं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, मग एका झाडूवालीला काहीतरी विचारलं.

विमानात अप्पा खिडकीपाशी बसले. "रिकामी कशाला सोडायची," म्हणाले. ढग दिसले तेव्हा त्यांनी मला बोलवून दाखवले. मी बघितले पण.

मठात स्वामींनी विचारलं, गेलेल्यांच्या वडिलांचं नाव काय? अप्पांनी अव्वाकडं बघितलं, अव्वानं माझ्याकडं. आईला फोन लावला तर लागेना. "निस्तं सिद्रामप्पा लिवा, आळंद," अप्पा म्हणाले. पूजा झाली, मी पाणी घातलं, आणि ते लिंग हजारो लिंगांमध्ये जाऊन बसलं. अप्पांना गंगेवर नावेची घाई होती. मी निघता निघता सगळ्या आवाराचा एक फोटो घेतला. ओळ कितवी, जागा कुठली, काही लिहून घेतलं नाही. वही पिशवीतच होती.

घरी आलो तर आईनं स्वयंपाक करून ठेवला होता. विमानाचं काही विचारलं नाही. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ आली. "दाव की फोटो."

दाखवला. ओळीच्या ओळी, सगळी सारखी. आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ह्यातले आमचे अण्णा कोणते गं?"

मी एकावर बोट ठेवलं. उगीच. डावीकडून कुठलंतरी.

"हे?"

"व्हय, हेच."

आईनं तेवढाच फोटो कापून मोठा करून आणायला सांगितला. मी उमरग्याहून आणला, फ्रेम पण केली. अप्पा अजून गिऱ्हाइकांना सांगतात, आम्ही चौघं फुकटात काशी करून आलो. आई रोज सकाळी आंघोळ करून त्या फ्रेमला विभूती लावते, कुणाच्या तरी वडिलांना. मी तिच्या मागून दप्तर उचलते आणि शाळेला जाते.