झाऊच्या वाट्याची वाळू

आमच्या झाऊला चुना लावायला डबा मीच धरला होता. चाळीस वर्षं होत आली, पण आठवलं की अजून मला माझाच राग येतो.

१९८२ सालचा पौष होता. खापरखेड्याजवळ कन्हान नदीच्या कोरड्या पात्रात आमची डांगरवाडी, म्हणजे टरबुजांची वाडी होती. वाळूत हातभर खोल आळी करायची, ओल लागली की शेणखत घालून डांगराचं मोड आलेलं बी टोबायचं आणि उन्हाळ्यात टरबुजं नागपूरला न्यायची, हा आमचा धंदा. मावळतीचा वारा सुटला की वाळू उडते आणि कोवळे वेल गाडून टाकते. म्हणून वाडी झाऊच्या झुडपांमागे. झाऊ ती उडती वाळू धरतो आणि स्वतःभोवती ढीग करून घेतो. ढीग वाढला की तोही वर डोकं काढतो. ढिगामागे वाळूची लांब शेपटी सुटते, त्या आडोशाला आमचे वेल.

त्या वर्षी झुडपांच्या मावळतीकडचा वाळूचा पट्टा एका ठेकेदाराला मिळाला. नागपूरच्या धंतोलीत नवे दवाखाने उठत होते, वाळू कोणाला नको होती! ठेकेदार मोठा गोडबोल्या. म्हणाला, "तुमच्या एका झाऊले हात लावणार नाही. पाहिजे तं चुन्याची खूण करून ठेवा." मला पटलं. झुडूप राहिलं की ढीग राहिला, एवढीच माझी अक्कल. निघाले डबा घेऊन.

सासूनं, भागीरथाबाईनं, डबा हिसकला आणि उपडा केला.

"काहून वं गोपिका, हात आहेत म्हनून पोट भरते काय? ताटात काही पडाले नको? झाऊची वाळू त्या पट्ट्यातूनच येते."

मला ओढतच ती गेल्या साली खणलेल्या काठाकडे घेऊन गेली. तिथलं एकही झुडूप कोणी तोडलं नव्हतं. पण जुना ढीग वाऱ्यानं नेला होता आणि नवी वाळू आलीच नव्हती. मुळं उघडी पडून झाऊचं सरपण झालं होतं. शरमेनं माझी मान वर होईना.

सासू ठेकेदाराकडे गेली. तो हसला. "वारा काय तुमच्या बापाचा आहे?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं मोड आलेल्या बियांचं गाठोडं उचललं आणि ट्रक पट्ट्यात उतरायच्या एकुलत्या एका वाटेवर आळी करायला बसली. आम्हा वाडीवाल्यांत रीत आहे: टोबलेल्या आळ्यावरून ना चप्पल जाते, ना चाक. वेल वाळेपर्यंत जागा टोबणाऱ्याची.

"आत्याबाई," मी सासूला म्हटलं, "अर्धं तं ठेवा. वाडीत काय टोबाचं?"

"वाडीच नाही राहिली तं अर्ध्याचं काय लोनचं घालू?"

मीही फावडं घेतलं.

ट्रक आला. चालवणारा देवराव पलीकडच्या काठाच्या वाडीवाल्यांपैकीच. आळी दिसताच त्यानं ब्रेक दाबला, चपला काढल्या आणि खाली उतरला. शेजारी बसलेला ठेकेदार ओरडला, "चालव ना बे!"

"टोबल्यावरून चाक? माही माय घरात घेनार नाही मले."

ठेकेदार सासूकडे वळला. "म्हातारे, इथं उघड्यावर एक वेल जगनार नाही. तुले माहीत नाही काय?"

"माहीत आहे."

"मग काहून टोबून राहिली?"

"वाळला की पुन्हा टोबीन. तू किती दिवस उभा राहतं, ते पाहू."

दुपारपर्यंत आठ घरच्या बाया आपापली गाठोडी घेऊन आल्या. वेल गाडले गेले, आम्ही पुन्हा टोबलं. पुन्हा गाडले, पुन्हा टोबलं. काठावरचा एकही ड्रायव्हर आळ्यांवर चाक घालेना. होळीआधी ठेकेदारानं ट्रक दुसऱ्या घाटावर नेले. जाताना त्यानं दिलेल्या शिव्या सासूनं हात जोडून घेतल्या.

त्या साली आम्हाला एक टरबूज मिळालं नाही. मी विटाभट्टीवर गेले, हात सोलून निघाले.

चैत्रात एका दुपारी वारा सुटला. पट्ट्यावरून वाळू उठली, झाऊवर आदळली, झुडपामागे सळसळत खाली बसली. आम्ही दोघी वाडीच्या रिकाम्या जागेत उभ्या. माझ्या डोळ्यांत वाळू, केसांत वाळू, दाताखाली कचकच.

"तोंड पूस वं," सासू म्हणाली.

"राहू द्या, आत्याबाई," मी म्हटलं. "आपली आहे."