वरून आलेली ओल

ओल वरून खाली येते, आणि आमच्या घरात वर धाकटी राहते. म्हणून कपाटामागे पहिला डाग दिसला तेव्हा मला फार डोकं चालवावं लागलं नाही.

आधी पांघरुणांना वास आला. कपाट पुढे ओढलं तर मागे भिंतीचा रंग फुगलेला, पोपडे सुटलेले, खाली पांढरा लोणा धरलेला आणि वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी. बोट लावलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं प्लास्टर हातात आलं.

लेकाने फोनवरच निकाल लावून टाकला. "आई, तुझा खोकला त्या भिंतीमुळेच आहे. डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

"डॉक्टर म्हणाले, ओल काढा. घर सोडा नाही म्हणाले."

"मी महिनाअखेरीस येतोय. डाग वाढलेला दिसला तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. यावर आता चर्चा नाही."

लेकाचं घर चांगलं आहे, सूनही चांगली आहे. पण तिथे मला चमचे कुठल्या खणात आहेत ते विचारावं लागतं. इथे वीज गेली तरी काडेपेटी हाताला लागते. या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं? आणि ते घालवायचं कुणामुळे, तर धाकटीमुळे!

धाकटी म्हणजे माझी जाऊ. हे दुमजली घर दोघा भावांनी मिळून बांधलं. खाली आम्ही, वर ती दोघं. दोघे भाऊ गेले, आणि उरल्या दोन जावा, मध्ये एक जिना. वापरायचं पाणी टाकीतून येतं, पण प्यायच्या पाण्याचा नळ वेगळा. त्याला पाणी कधी येईल याचा तेव्हा नेम नव्हता, आजही नाही. दाब इतका कमी की वरच्या मजल्यावर तो नळ स्वयंपाकघरातल्या मोरीत, जमिनीपासून हातभर उंचीवर बसवावा लागला.

लग्न होऊन आलो तेव्हापासून आम्हा दोघींची एक रीत होती. नळ उघडाच टाकायचा, खाली पत्र्याची बादली ठेवायची आणि आपापल्या कामाला लागायचं. बादलीचा तळ वाजला की हातातलं सोडून धावायचं. धाकटीचे कान भलते तिखट. पाणी आधी माझ्या नळाला यायचं, पण कळायचं मात्र आधी तिला. पाण्याच्या आधी नळ जी हवा सोडतो, ती खालची फुसफूससुद्धा तिला वर ऐकू जायची. मग जिन्यातून आरोळी यायची, "ताई, पाणी!" आमचे हे म्हणायचे, "हिच्यासमोर मनातल्या मनातसुद्धा बोलू नका." तिच्या त्या आरोळीवर माझा संसार भरला गेला, असं म्हटलं तरी चालेल.

ती आरोळी बंद झाली त्याला बरेच महिने झाले होते. सुरुवातीला मी म्हटलं, वय झालं, घसा गेला असेल. मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली.

तिच्या टीव्हीचा आवाज दिवसभर खाली यायचा, तो बंद झाला. खिडकीतून टीव्हीचा उजेड हलताना दिसे, पण आवाज नाही. याचा अर्थ काय? चित्र टीव्हीचं बघायचं आणि कान माझ्या घरात ठेवायचे. मी फोनवर हळू बोलायला लागले. वर जाऊन बेल वाजवली तर दार उघडेना. आत पावलं मात्र चाललेली. समोरासमोर भेटलीच तर माझ्या तोंडाकडे असं टक लावून बघायची, जणू मी खोटं कधी बोलते याची वाट पाहते आहे. शिवाय तिची लेक मध्ये येऊन गेली, ती माझ्याकडे चहा पिताना सहज विचारावं तसं म्हणाली, "काकू, तुम्ही दादाकडे कायमच्या कधी जाणार?" आणि असं विचारताना माझ्या खोलीभर नजर फिरवली.

दोन आणि दोन चार करायला मला कुणी शिकवायला नको. खालचा मजला लेकीला हवा होता.

मी प्लंबरला बोलावलं. त्याला आमच्या गल्लीत सगळे 'हातोडे' म्हणतात, कारण आला की आधी फोडतो आणि मग विचार करतो. मी त्याला दारातच बजावलं, "हातोडा पिशवीत. आधी मीटर."

ही आमच्या ह्यांची शिकवण. सगळे नळ बंद करायचे आणि मीटरमधलं बारीक चक्र बघत बसायचं. चक्र फिरलं तर भिंतीतला पाइप गळतोय, स्तब्ध राहिलं तर पाणी दुसरीकडून येतंय. चक्र हललं नाही. मग मी डागावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी थेंब कागदाच्या आतल्या बाजूला होते. म्हणजे खोलीतला दमटपणा नाही, पाणी भिंतीतूनच येत होतं.

"मग वरच जावं लागेल, आजी," हातोडे खुशीत म्हणाला.

वर गेलो. बेल वाजवून वाजवून माझं बोट दुखलं. शेवटी हातोडेने खिडकीच्या काचेसमोर हात नाचवले, तेव्हा दार उघडलं. स्वयंपाकघरात शिरलो तर फिनेलचा भपकारा. फरशी नुकतीच पुसलेली, कोपऱ्यात फडकं पिळून वाळत घातलेलं. भर दुपारी कोण फरशी पुसतं?

"आज काय विशेष सफाई?" मी विचारलं. पण मी फरशीकडे बघत विचारलं होतं. तिने उत्तरच दिलं नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करणं म्हणतात ते हेच.

हातोडेने निळीचं पाणी कालवून तिच्या मोरीत बादलीभर ओतलं. निळी धार घराबाहेरच्या चेंबरमध्ये सुळकन उतरली. माझ्या भिंतीवर निळीचा टिपूस नाही.

"वरचं एकदम स्वच्छ आहे, आजी. मी म्हणतो, ही फरशी एकदा फोडूनच बघू."

धाकटीने त्याच्या हातातला हातोडा बघितला आणि दोन्ही हात पसरून मोरीसमोर उभी राहिली. "माझ्या घरात फोडाफोडी चालणार नाही! ताई, तुमची भिंत ओली म्हणून माझं घर पाडता का?"

"कुणाचं घर कोण पाडतंय ते कळेलच," मी म्हणाले आणि जिना उतरले.

निळीने तिला निर्दोष ठरवलं, पण मी ठरवलं नाही. मी पेन्सिल घेतली आणि डागाच्या कडेने रेघ ओढली. रोज सकाळी कपाट ओढायचं आणि बघायचं. काही दिवस डाग रेघेच्या आतच राहायचा, मग एकदम बोटभर बाहेर यायचा. पाचसहा रेघा झाल्यावर उजेड पडला. नळाला पाणी येतं त्या दिवशी डाग वाढतो, आणि पाणी आलं नाही की डागही गप्प बसतो.

म्हणजे पाणी आलं की ती वर काहीतरी करते. मुद्दाम ओतते. परीक्षेच्या दिवशी साळसूद राहिली, आणि पाठ फिरली की पुन्हा सुरू.

आता हातोडे नको, लेक नको, मीच तिला रंगेहाथ पकडणार होते. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे आणि माझी तिच्याकडे, ही सोय घर बांधलं तेव्हाची. तिने किल्ली परत मागितली नव्हती, एवढं एक बरं झालं.

दोनतीन दिवस मी माझ्या नळापाशी खुर्ची टाकून बसले. एका दुपारी नळाने फुसफूस केली, खोकला आणि धार धरली. वर पाणी चढायला थोडा वेळ लागतो. मी चपला खालीच सोडल्या आणि कठड्याला धरत जिना चढले. गुडघे कुरकुरत होते, पण संशयाला गुडघे नसतात. किल्ली फिरवली, दार हळूच लोटलं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले.

धाकटी स्टुलावर बसून उसवलेल्या उशीला टाके घालत होती. पाठ मोरीकडे, अनवाणी पाय फरशीवर. तिच्यामागे नळ उघडा, बादली काठोकाठ भरून वाहतेय. मोरीच्या तोंडाला झुरळं येऊ नयेत म्हणून चिंधीचा बोळा कोंबलेला. त्या दिवशी आम्ही वर गेलो त्याआधीच, फरशी पुसताना, तिने तो काढून ठेवला असणार. आता मोरी भरून पाणी काठावरून फरशीवर उतरत होतं, आणि उतार धरून भिंतीकडे पसरत होतं. तिथे फरशी आणि भिंत यांच्यामधली फट ते गटागटा पीत होती. त्या फटीच्या बरोबर खाली माझं कपाट.

"सापडलीस!" मी ओरडले.

तिने टाका घातला, दोरा ओढला.

"अगं धाकटे!"

दोरा दाताने तोडला.

मी जोरात टाळी वाजवली. टाळीचा आवाज माझ्याच कानात घुमला, पण तिची मान हलली नाही. एवढ्यात फरशीवरून आलेलं पाणी तिच्या टाचेला लागलं. टाच भिजली तशी ती चटकन उठली, वळली, वाकून नळ बंद केला, बोळा उपसला आणि फडकं ओढून भराभर फरशी टिपायला लागली. अगदी सरावाने. टिपता टिपता तिला माझे पाय दिसले.

"ताई! चोरासारख्या शिरलात?"

चौकटीला धरून मी म्हणाले, "तुला ऐकू येत नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ते खोटं पकडणारं बघणं नव्हतं. ती शब्द वेचत होती.

"डावा कान आधी गेला, मग उजवा," ती म्हणाली. "अगदी जवळून, तोंडाकडे बघून कळतं. लेकीला सांगू नका. तिला कळलं तर एकटीला राहू देणार नाही. ती म्हणेल, आई, उद्या गॅस चालू राहिला, तर कळेल का तुला?"

"आणि ती मला विचारत होती, मी कधी जाणार म्हणून!"

"मीच विचारायला लावलं. तुम्ही गेलात तर मी इथे कुणाच्या आधाराने राहू? तुम्ही तर माझ्याशी बोलणंच टाकलंत. खालून एक हाक नाही. मला वाटलं, ताईंचा राग आहे."

मी रोज हाका मारत होते. उत्तर येत नाही म्हणून हळूहळू थांबले होते. हे सांगून उपयोग नव्हता.

"पण नळ उघडा कशाला टाकतेस?"

"नाहीतर पाणी आलेलं कळणार कसं?"

"उघडा टाकून तरी कुठे कळतं?"

"पायाला लागलं की कळतं," ती म्हणाली.

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले. हसावं की रडावं तेच कळेना. दोघींनी मिळून फरशी पुसली.

दुसऱ्या दिवशी हातोडे आला आणि काहीही न फोडता फट खरवडून पांढऱ्या सिमेंटने भरून गेला. दिवसभर त्याचा चेहरा उतरलेला होता. बोळ्याच्या जागी जाळी बसली. धाकटीने नळ बंद ठेवायचा असं ठरलं, आणि कान माझे वापरायचे. माझ्या खिडकीतून तिच्या खिडकीत एक दोरी नेली आणि तिच्या स्टुलाच्या पायाला बांधली. माझ्या नळाला पाणी आलं की मी हिसका द्यायचा. पहिल्या हिसक्याला स्टूल इतकं हललं की ती वरून ओरडली, "ताई, पाणी भरायचंय, मला पाडायचं नाहीये!" कानाच्या डॉक्टरांकडे जायचंही मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. "आधी तुमची भिंत वाळू दे," ती म्हणाली. कबूल केलं खरं, पण ती टाळेल असा मला अजून संशय आहे.

महिनाअखेरीस लेक आला आणि आल्या आल्या कपाट ओढलं. ओल गेली नव्हती. भिंत प्यायलेलं पाणी एका दमात सोडत नाही. पण डाग शेवटच्या रेघेच्या चांगला आत सरकला होता.

"कशामुळे होत होतं?"

"वर फरशीची फट होती. बुजवली."

"मग काकूंना इतके दिवस कळलं नाही?"

"तुला तरी फोनवरून कुठे कळलं?"

तो वकिलासारखा खोलीभर फिरायला लागला. फिरता फिरता खिडकीशी थांबला. "आई, ही दोरी कसली?"

तेवढ्यात नळाने फुसफूस केली. आज पाणी चुकलं तर ते पुन्हा कधी येईल याची धाकटी वाट बघत बसणार, आणि उद्यापासून नळ पुन्हा उघडा टाकणार. मी लेकाच्या डोळ्यांदेखत दोरीला हिसका दिला. वर स्टूल सरकलं, पावलं मोरीकडे गेली आणि तिच्या नळाखाली बादली ठेवल्याचा आवाज आला.

लेकाने छताकडे बघितलं, मग दोरीकडे, मग माझ्याकडे.

"आई, काय चाललंय तुम्हा दोघींचं?"

"पाणी आलंय," मी म्हणाले. "बघत काय उभा आहेस? बादली लाव."

त्याने बादली लावली. ती भरेपर्यंत तो नळापाशीच उभा होता आणि नजर त्या दोरीवरून हटत नव्हती. पण सामान बांधायचं तो काही बोलला नाही. कपाट त्यानेच मागे सरकवलं, भिंतीपासून हातभर लांब, वारा खेळावा म्हणून.