आधी कोणाला कळलं

सोपानराव कडांचा हात प्रेसखाली गेला तेव्हा विजयश्री शेजारच्याच लाइनवर उभी होती.

प्रेस एकदा खाली येऊन वर थांबायला हवी होती. ती थांबली नाही. बटणाला कोणी हात लावलेला नसताना ती पुन्हा खाली आली, आणि नेमका तेव्हाच सोपानरावांनी तयार पत्रा काढायला हात आत घातला होता. त्यांचं ओरडणं विजयश्रीला ऐकूच आलं नाही; प्रेस शॉपच्या गोंगाटात माणसाचा आवाज पोचत नाही. लाल झालेला हातमोजा दिसला, तेव्हा ती धावली.

उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

विजयश्री लातूरकडची. मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून चाकणच्या कारखान्यात आली तेव्हा तिला इथं कोणी ओळखत नव्हतं. सोपानराव खराबवाडीचे. गणपतीला तिला एकटीला मेसचं जेवण नको म्हणून ते तिला हट्टानं घरी घेऊन गेले, आणि त्यानंतर प्रत्येक सणाला त्यांच्या पत्नी अंबुबाई तिचं पान मांडूनच ठेवायच्या. आता त्याच अंबुबाई हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिला विचारत होत्या, "पोरी, ती मशीन अशी करती हे आदी कुनालाच म्हायती न्हवतं का गं?"

"नाही हो काकू. कोणालाच नव्हतं," विजयश्री म्हणाली. तिला तेव्हा ते खरंच वाटत होतं.

पुढचे काही दिवस तिनं प्रेस खोलून काढली. दोष सापडला. कॉम्प्रेसरच्या हवेतून पाणी येत होतं, त्यानं क्लचचा व्हॉल्व्ह आतून चिकट होत होता आणि मधूनच अडकत होता. व्हॉल्व्ह अडकला की प्रेस दुसऱ्यांदा खाली यायची. सापडल्या सापडल्या तिनं चिंचवडच्या कारखान्यातल्या स्वरूपाला फोन लावला. स्वरूपा तिथं तेच काम करायची. दोघींची ओळख एका ट्रेनिंगमध्ये झालेली, पुढं मैत्री झाली.

"तुमच्या प्रेस आधी बंद करा," विजयश्री म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं.

स्वरूपानं सगळं ऐकून घेतलं.



"विजू, आम्ही ते व्हॉल्व्ह दिवाळीआधीच बदललेत."

विजयश्रीनं मनात महिने मोजले. सोपानरावांचा अपघात संक्रांतीचा.

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"केंद्राला पाठवलं होतं गं. नियमच आहे तो. अजिंक्य सर म्हणाले, मार्चच्या मेळाव्यापर्यंत कुठं बोलू नका, अध्यक्षांसमोर दाखवायचंय. मला वाटलं, तुमच्याकडे ही भानगड नसेल. प्लीज, माझं नाव घेऊ नकोस."

कंपनीचे कारखाने चिंचवड, चाकण, तमिळनाडूत होसूर, उत्तराखंडात रुद्रपूर असे लांब लांब पसरलेले. एकीकडे शिकलेलं दुसरीकडे पोचावं म्हणून चिंचवडच्या मुख्य कार्यालयात ज्ञानकेंद्र काढलेलं होतं. काही नवं सापडलं की ते केंद्राकडे पाठवायचं. केंद्र तपासून सगळ्यांना कळवणार. अजिंक्य जगदाळे त्याचा प्रमुख. बोलण्यात तरबेज, कपड्यांना कधी चुणी नाही. दर वर्षीच्या मेळाव्यात तो लोकांची कामं अशी मांडायचा की ती त्याचीच वाटावीत, आणि दर वर्षी एक पायरी वर चढायचा.

विजयश्रीनं आधी सरळ मार्ग धरला. ती कारखान्याचे प्रमुख अर्जुनराव यांच्याकडे गेली. स्वरूपाचं नाव न घेता तिनं सगळं सांगितलं. अर्जुनरावांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तो म्हणेल, आमची तपासणी चालू होती. खात्री नसताना कसं कळवणार? काय करशील मग? पक्कं कळलं होतं, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं तरच काही होईल. आणि ते तो कशाला करेल?"

विजयश्री बाहेर आली ती हाच प्रश्न घेऊन. कशाला करेल? मोशीच्या घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये तिला उत्तर मिळालं आणि ती खिडकीकडे तोंड करून हसली. तो माणूस भीतीनं बोलणार नाही. पण श्रेय जातंय म्हटलं तर बोलेल.

तिनं घाई केली नाही. मेळाव्यासाठी नाव दिलं. विषय दिला, 'चाकणनं शोधलेला प्रेसचा दोष'. होसूरला, रुद्रपूरला फोन करून व्हॉल्व्ह कसे बदलायचे ते सांगितलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणाली, हे आमच्या चाकणनं शोधलंय बरं का. मग तिनं थेट अजिंक्यलाच फोन लावला.

"सर, तुमच्या यादीतही प्रेसचा विषय दिसतोय. आमचा शोध तुमच्या नावावर जायला नको हं."

"तुमचा शोध?" त्याचा आवाज चढला. "मॅडम, मेळाव्यात बघू."

तिला तेच हवं होतं. त्या आठवड्यात ती पोटभर जेवली, शांत झोपली. आईनं फोनवर विचारलं, "काय गं, लई खुशीत हाईस?" ती म्हणाली, "एक काम होत आलंय."

सोपानरावांना मात्र तिनं काहीच पढवलं नाही. "काका, चिंचवडला कार्यक्रम आहे, माझ्याबरोबर चला," एवढंच म्हणाली. हात शालीत गुंडाळून ते मागच्या रांगेत बसले. समोर अध्यक्ष, भिंतीवरच्या पडद्यावर होसूर आणि रुद्रपूरची माणसं.

विजयश्री थोडक्यात बोलली. दोष काय, उपाय काय. शेवटी म्हणाली, "संक्रांतीनंतर चाकणनं हे पहिल्यांदा शोधून काढलं." टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी मान डोलावली.

अजिंक्य उठला तो हसतच. "मॅडमचं कौतुक आहे. पण कंपनीत नोंद बरोबर असावी. हा दोष केंद्राला दिवाळीआधीच माहीत होता."

"शंका असेल सर," विजयश्री मऊ आवाजात म्हणाली. "तपासणी चालू असेल."

"शंका नाही, खात्री! शंभर टक्के. चिंचवडचे सगळे व्हॉल्व्ह दिवाळीआधी बदलून झाले होते. चाकणनं काढलं ते आमचंच उत्तर आहे."

"मग चाकणला कधी कळवलंत?"

 तो अध्यक्षांकडे बघायला लागला. 

प्रश्न विचारायचा तर हात वर करायचा, असं सुरुवातीलाच सांगितलेलं होतं. मागच्या रांगेत सोपानरावांनी शाल बाजूला केली आणि हात वर केला. उजवा.

"मी सोपान कड. चाकण. मला कुनी कळवलं न्हाई."

ते एवढंच बोलून खाली बसले. अध्यक्षांनी त्या हाताकडे पाहिलं. मग अजिंक्यला म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा."

चौकशी लागली. कारखाना निरीक्षक आले, पोलिसांत नोंद झाली. विजयश्रीनं जबाब दिला. विचारलं त्यापेक्षा जास्तच सांगितलं. अजिंक्यची नोकरी गेली. तो सामान न्यायला आला त्या दिवशी ती मुद्दाम चिंचवडला गेली आणि लिफ्टपाशी उभी राहिली.

"तुम्ही मला ठरवून अडकवलंत," तो म्हणाला. त्याची दाढी वाढलेली होती.

"हो."

"माझं घर उद्ध्वस्त झालंय, मॅडम."

"अंबुबाई आता काकांच्या शर्टाची बटणं लावतात," ती म्हणाली आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाईट वाटलं नाही. गोड वाटलं.

पण चौकशीत स्वरूपाचं नाव आलंच. माहीत असून गप्प राहिल्याबद्दल तिची बदली रुद्रपूरला झाली. तिचा फोन आला.

"मी तुला विश्वासानं सांगितलं होतं. मेळाव्याआधी मला एक शब्द तरी बोलायचास."

"तूही दिवाळीत मला एक फोन करू शकली असतीस," विजयश्री म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं, आपला राग एकट्या अजिंक्यवर नव्हताच. स्वरूपानं फोन ठेवला. विजयश्रीनं पुन्हा लावला नाही.

सोपानराव आता टूल स्टोअरमध्ये बसतात. एकदा चहा पिताना म्हणाले, "त्या पोरीला लई लांब धाडलं म्हनं. तिनं सांगितलं म्हनून तर तुला कळलं."

"आधी सांगितलं असतं तर तुमची बोटं वाचली असती, काका."

"व्हय. त्ये बी खरंच हाय," ते म्हणाले आणि डाव्या हातानं कप तोंडाला लावला.

केंद्राचं काम विजयश्रीकडे आलं; ते ती चाकणहूनच बघू लागली. तिनं आधी जुना नियम मोडून नवा केला: माणसाला इजा होऊ शकेल असं काही सापडलं की त्याच दिवशी सगळ्या कारखान्यांना कळवायचं, मेळावा गेला खड्ड्यात. पावसाळ्याच्या तोंडाला रुद्रपूरहून क्रेनच्या ब्रेकबद्दल सूचना आली. खाली स्वरूपाचं नाव होतं. मजकूर कोरडा, कामापुरता. कशी आहेस, एवढंही नव्हतं.

विजयश्रीनं ती दोनदा वाचली. स्वरूपाचं नाव वर ठळक केलं आणि तेव्हाच सगळीकडे पाठवून दिली. स्वतःकडून एक ओळ लिहावी असं तिच्या मनात आलं. तिनं लिहिली नाही. खाली प्रेस शॉपमध्ये शिफ्ट बदलत होती. ती तिथल्या क्रेनचा ब्रेक बघायला उठली.