आधी जोर, मग कळ

मी चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. माझं काम थोडक्यात सांगायचं तर एवढंच: कळ येईपर्यंत बाईला जोर लावू द्यायचा नाही, आणि कळ आली की तिला सोडायचं नाही. "थांब, थांब, कळ येऊ दे... आली? आता लाव जोर!" माझी लेक म्हणते, मी झोपेतसुद्धा हेच ओरडते.

निवृत्त झाले आणि वर्षभरात उजव्या गुडघ्याने संप पुकारला. त्याचा पहिला फटका अक्काला बसला. अक्का माझी थोरली बहीण. ऐंशीची आहे, काठी टेकत चालते आणि चढावरच्या अगदी शेवटच्या घरात एकटी राहते. नोकरीत असताना तो चढ मी आठवड्यातून दोनदा सायकलने चढायचे. आता महिन्यातून एका रविवारी जावई गाडीने नेऊन सोडतो.

जावई भला माणूस आहे, खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्या बायकांच्या गप्पांत त्याला बसवत नाही. तो बाहेर गाडीत बसतो आणि अर्ध्या तासाने हॉर्न वाजवतो. आमच्या अक्काला तर मुद्द्यावर यायलाच पंचवीस मिनिटं लागतात. आधी माझा गुडघा, मग तिच्या कुंड्या, मग शेजारणीचं मांजर. सगळं झालं की ती जरा पुढे सरकते आणि म्हणते, "तुला एक सांगायचं होतं..." की वाजलाच हॉर्न. दोन वर्षं तिचं ते वाक्य तिथेच अडकलं होतं. एकदा मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "फोनवर सांगण्यासारखं नाही गं."

मग लेकीने विजेवर चालणारी सायकल शोधून काढली. पंधरा दिवस वापरून बघायची, जमलं तर ठेवायची. "आई, चढ चढलीस तर तुझी. नाहीतर परत," तिने बजावलं.

दुकानदार स्वतः सायकल घेऊन आला. माझ्याच वयाचा, जुन्या वळणाचा माणूस. बटणाला कळ म्हणतो. हँडलवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, चढ आला की ही कळ दाबा. बाकी ती बघून घेईल."

"अहो, आमच्या कामात कळ दाबत नाहीत, सोसतात," मी म्हटलं. तो हसला, मीही हसले. तेव्हाच नीट विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सपाट रस्त्यावर कळ न दाबताच गेले. आणि काय सांगू, पहिल्याच वळणावर अंगात वारं शिरलं! पाय फिरत होते, गुडघा गप्प होता. इतकी वर्षं मी ही मजा कशी काय विसरून गेले, याचा मला स्वतःचाच राग आला.

चढ सुरू झाला. बेकरीपाशी तो एकदम उभा होतो. तिथे मी कळ दाबली, पाय थांबवले आणि श्वास धरून वाट पाहिली. कळ येऊ दे, मग लावू जोर. कळ काही आली नाही. सायकल मात्र मागे यायला लागली. मी पाय टेकला, पुन्हा दाबली, पुन्हा थांबले. तीनदा झालं. बेकरीवाला दारात येऊन म्हणाला, "बिघडली का हो?"

"नाही, मी विचार करतेय," असं म्हणून मी सायकल वळवली.

तेरा दिवस हेच. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आता कुणाला विचारायला जीभ रेटेना. लेक रोज विचारायची, "पोचलीस का वर?" मी म्हणायचे, "जवळजवळ." बेकरीपर्यंत म्हणजे जवळजवळच की.

चौदाव्या दिवशी दुकानदाराचाच फोन आला. "उद्या दुपारी न्यायला येऊ, की ठेवताय?"

"न्या," मी चिडूनच म्हटलं. "तुमची कळ येतच नाही. मी थांबून थांबून दमले."

"थांबून? पायडल मारताय ना?"

"कळ आल्याशिवाय कसं मारू?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "बाई, हिचं उलटं आहे. आधी जोर तुमचा, मग कळ हिची. तुम्ही थांबलात की तीही थांबते."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या निघाले. बेकरीपाशी आले, कळ दाबली. सवयीने पाय थांबायला निघाले, तेव्हा स्वतःवरच खेकसले, "थांबू नकोस, लाव जोर!" बेकरीवाला दचकला. मी पायडल रेटलं, आणि कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी सायकल पुढे सरकली. गुडघ्यातून बारीकशी कळ गेली. तिला म्हटलं, तुझी पाळी नंतर. शेवटच्या घरापर्यंत मी एकदाही उतरले नाही.

अक्काने दार उघडलं आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. "जावई गाडीतच बसलाय का?"

"एकटी आलेय. सायकलने."

तिने सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत जाऊन खुर्चीत बसली. आज ना गुडघा, ना कुंड्या, ना मांजर. "तुला एक सांगायचं होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अक्काचा चेहरा पडला. मला दारापर्यंत सोडायला तिने काठीसुद्धा हातात घेतली.

फोनवर लेक होती. "आई, आहेस कुठे? दुकानदार दारात उभा आहे, सायकल न्यायला."

"त्याला म्हणावं, कळ आली. सायकल ठेवून घेतेय. आणि आता संध्याकाळपर्यंत मला फोन करू नकोस."

फोन बंद करून मी पिशवीत टाकला आणि खुर्ची अक्काजवळ ओढली. तिने काठी पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली.

"मला फार एकटं वाटतं गं," अक्का म्हणाली.

दोन वर्षं अर्ध्या तासात न मावलेलं वाक्य एवढंच होतं. मला रडू आलं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "परवा येते."

"किती वाजता?" तिने लगेच विचारलं.